पाळी ते जिनिव्हा

परदेश आणि मानवी हक्कांचे काम यांच्याशी गोव्याचे नाते जुने आहे, पण ते तुरुंगामार्गे जुळले. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची चळवळ सुरू केली. तिच्यात उतरलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांना पोर्तुगालला हद्दपार केले गेले. पुढे 1961 मध्ये, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांनी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी केली. स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावणाऱ्या दोघा पोर्तुगीज विद्यार्थ्यांना कैद झाल्याची बातमी वाचून आपण अस्वस्थ झालो, असे ते सांगत. राजवट तीच, पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारची.

आता कायद्याचे विद्यार्थी या क्षेत्रात इंटर्नशिपसाठी जातात. हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, जिनिव्हातले संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क उच्चायुक्तालय, लंडनमधल्या संघटना ही नेहमीची ठिकाणे. निघताना डोळ्यांसमोर असतात सभागृहे आणि भाषणे. पदरात पडते ते वाचणे, गाळणे, तळटीपा जुळवणे. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा ठरावीक वर्षांनी आढावा होतो. भारताचा 2008, 2012, 2017 आणि 2022 मध्ये झाला. त्यासाठी एकट्या संघटनेला आपले म्हणणे 2,815 शब्दांत बसवावे लागते. अशा सगळ्या निवेदनांचा मग एक छोटा गोषवारा निघतो. गावची विहीर आटल्याची तक्रार त्यात एक वाक्य झाली, तरी नशीब! पण तेवढे वाक्यही टिकते ते तारीख, ठिकाण आणि पुरावा सोबत असेल तरच. परदेशातून शिकून यायची गोष्ट हीच.

तिथवर पोचणे मात्र सगळ्यांच्या आवाक्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना तरी मानधन देते. जिनिव्हातले भाडे परवडत नाही म्हणून 2015 मध्ये न्यूझीलंडच्या एका तरुण इंटर्नने तंबूत मुक्काम केला आणि जगभर गहजब झाला. त्यात आपल्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक इंटर्नशिप चालत नाही, आणि हेगला किमान तीन महिने मागतात. म्हणून बहुतेकांना पदवीनंतरच जमते. गोव्यात आणखी एक भेद आहे. आजीआजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट मिळालेल्याला हेग किंवा जिनिव्हासाठी व्हिसाची कटकट नसते. त्याच वर्गातला दुसरा बँकेचे कागद घेऊन रांगेत उभा राहतो.

पुराव्यानिशी मांडाव्यात अशा तक्रारी मात्र गोव्यातच आहेत. डिचोली तालुक्यातले पाळी गाव खाणपट्ट्यात येते. ताडपत्री धड न बांधलेले खनिजाचे ट्रक, रस्त्याकडेच्या काजूवर बसलेली तांबडी धूळ, गढूळ ओहोळ हे इथे कुणाला नवीन नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर 2012 मध्ये खाणी थांबल्या. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तर 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 लीज रद्द केल्या. मधल्या काळात, एप्रिल 2017 मध्ये, सत्तरीतल्या सोनशीत ट्रक अडवणारे 45 ग्रामस्थ तुरुंगात गेले. खाण बंद झाली की ट्रकमालकाचे हप्ते थकतात, चालू झाली की विहिरीचे पाणी जाते. हक्क दोन्ही बाजूंना आहेत. उद्योगांनी मानवी हक्क कसे जपावेत याची संयुक्त राष्ट्रांची 2011 ची तत्त्वे जिनिव्हात जो वाचतो, त्याने पाळीतला हा पेच पाहिला असेल तर त्याला ती कोरडी वाटणार नाहीत.

मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजचे विद्यार्थी गावोगावी कायदा साहाय्य केंद्रे चालवतात. परदेशाची खरी पूर्वतयारी तिथेच होते. कुणाची विहीर, कोणत्या दिवशी, ट्रकचा नंबर काय, हे नीट टिपायला विमानाचे तिकीट लागत नाही.

पुढच्या पायरीला मात्र पैसा लागतो, आणि तो गोव्यात आहे. 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणग्रस्तांसाठी असलेल्या त्यांच्या निधीत शिक्षणाला अग्रक्रम आहे. त्यातून दरवर्षी डिचोली-सत्तरीतल्या एखाद्या कायदा पदवीधराला तीन महिन्यांची शिष्यवृत्ती द्यावी, अट एकच: जाण्याआधी त्याने आपल्या गावाचा पुराव्यानिशी अहवाल लिहिलेला असावा.