महोत्सवाला जाताना फळ्यावर काय लिहाल?

पावसाळ्यात कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तुमच्या गटाचं पोळीभाजी केंद्र असेल, तर तिथं जरूर स्टॉल लावा. पण केंद्रातला सगळा फळा तिकडं नेऊ नका. टाकळा, कर्टुली आणि भाकरी, एवढंच पुरे.

शेवळं ठेवायची असतील, तर ती ओळखणाऱ्या बाईनंच निवडावीत. शेवळांना खाज असते, म्हणून आपल्या आज्या त्यात काकडं किंवा चिंच घालत आल्या. तिथं चूक झाली तर गिऱ्हाइकाचा घसा खाजतो आणि गटाचं नाव जातं. ओळख नसलेला पाला तर घेऊच नका.

आता भाव. समजा ५० ताटं करायची आहेत. सामान १५०० रुपये, गॅस २००, रिक्षा ३००, पत्रावळी १००. झाले २१००. पण चौघी दिवसभर राबल्या, त्यांची ३०० प्रमाणे मजुरी १२०० रुपये. एकूण ३३००, म्हणजे ताट ६६ रुपयांना पडलं. शेजारचा स्टॉल ५० ला देतो म्हणून तुम्हीही दिलंत, तर प्रत्येक ताटामागे १६ रुपये तुमच्याच मजुरीतून गेले.

अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद स्टॉलवर दिसेल असा लावा. जी भाजी आधी संपेल, ती हंगामभर आठवड्यातून एक वार ठरवून केंद्रात करा. तो वार गिऱ्हाइकाला तिथंच सांगा, आणि घरी आल्यावर फळ्यावर लिहा.