वालातील अपायकारक द्रव्ये आणि डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधन

भाताची कापणी उरकली की पेण व रोहा तालुक्यांतील शेतकरी जमिनीतील उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरतो. हिरव्या शेंगांची पोपटी आणि सुक्या दाण्यांचे बिरडे यांवाचून या भागातील हिवाळा सरत नाही. वाल रात्रभर भिजवावेत, फडक्यात बांधून मोड आणावेत, कोमट पाण्यात टाकून सोलावेत आणि मगच शिजवावेत, असा येथील गृहिणींचा परिपाठ आहे. एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारल्यास ‘कडू लागतात’, ‘पोटाला बाधतात’ अशी उत्तरे मिळतात. उत्तरे खरीच आहेत. परंतु बाधतात म्हणजे पोटात नेमके काय घडते, हे प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचे काम एका मराठी विदुषीने केले, ही गोष्ट वाल पिकविणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक असताना डॉ. कमला सोहोनी व त्यांचे सहकारी यांनी वालातून एक विशिष्ट प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. अन्नातील प्रथिने पचविणारे ट्रिप्सिन नावाचे द्रव्य स्वादुपिंडातून आतड्यात येते. वालातील हे प्रथिन त्या ट्रिप्सिनचे कार्यच रोखून धरते. कच्चे वाल पौष्टिक असूनही अंगी लागत नाहीत, याचे एक कारण अशा रीतीने सापडले. पुढे १९६५ साली त्याच प्रयोगशाळेतून वालातील दुसऱ्या एका प्रकारच्या प्रथिनांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही प्रथिने रक्तातील तांबड्या पेशींना एकमेकींस चिकटवितात. ती शुद्ध करून उंदरांच्या खाद्यात घातली असता उंदरांची वाढ खुंटली. वाल चांगले उकळून शिजविल्याने या अपायकारक प्रथिनांचा जोर बराच कमी होतो. म्हणून कच्चे अथवा अर्धवट शिजलेले सुके वाल खाऊ नयेत. घाईच्या दिवशी मोड आणणे एक वेळ राहिले तरी चालेल, परंतु शिजविण्यात कसर करू नये.

कमलाबाई पूर्वाश्रमीच्या भागवत. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष काम पारखण्याच्या आणि इतर संशोधकांचे लक्ष विचलित न होऊ देण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. एवढ्या थोर शास्त्रज्ञाने घातलेली ही अट आज वाचताना संकोच वाटतो. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने कमलाबाईंना डॉक्टरेट दिली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले आणि कालांतराने त्या मुंबईच्या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन करणाऱ्या स्त्रियांत त्या होत्या. घरात येणाऱ्या वस्तूंच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी लेख लिहिले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

पदार्थ शुद्ध करावा, मोजून मात्रा द्यावी आणि परिणामाची नोंद ठेवावी, ही वालाच्या बाबतीत वापरलेली रीत विषविज्ञानाची नेहमीचीच रीत आहे. शेतकऱ्याच्या हाती ती कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत चौकोनाच्या रूपाने येते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनुसार हा रंग ठरतो. औषध तोंडावाटे दिले असता जनावराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम मात्रेने चाचणीतील निम्मी जनावरे मेली, तर त्रिकोण लाल. ५१ ते ५०० मिलिग्रॅमपर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. हिरव्या खुणेचे औषधही विषच, फक्त त्याची मारक मात्रा मोठी.

रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तेथे काय तयार होते आणि ते अंगावर उडाल्यास काय करावे, हे जाणणारी माणसे याच तालुक्यांतून निघाली तर बरे. रसायनशास्त्र अथवा प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या मुलीस जीवरसायन किंवा विषविज्ञान या विषयांत पुढे जाता येते. औषधनिर्माण व पशुवैद्यक या शाखांतूनही ही वाट फुटते. लखनौ येथील १९६५ साली स्थापन झालेली विषविज्ञान संस्था व अहमदाबाद येथील १९६६ सालची व्यावसायिक आरोग्य संस्था या क्षेत्रातील प्रमुख सरकारी प्रयोगशाळा होत. मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे.

रोह्याहून मुंबईस रोज जाऊन-येऊन प्रयोगशाळेचे काम निभत नाही, ही पालकांची अडचण खरी आहे. कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्या पुढाकाराने १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघाचे वाशी येथे स्त्रियांसाठी वसतिगृह आहे. मुलीचा प्रवेश निश्चित होण्याआधीच तेथे चौकशी करून ठेवावी.