खुलताबाद: बादशहांच्या आधीची दफनभूमी

खुलताबादची ओळख आज एका कबरीपुरती उरली आहे. दौलताबादहून वेरूळकडे जाताना डोंगरमाथ्यावर लागणाऱ्या या तालुक्याच्या गावी औरंगजेबाला पुरले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण औरंगजेबाचे दफन १७०७ चे. त्याआधी जवळपास चारशे वर्षे ही दफनभूमी नांदत होती. तिला मान मिळवून दिला तो चिश्ती सूफींनी. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले. ते १३३७ मध्ये वारले, त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी १३६९ मध्ये; दोघांचे दर्गे इथेच आहेत. या दोघांचा लौकिक एवढा की खानदेशच्या फारुकी सुलतानांनी त्यांच्या नावाने तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्या काठावर झैनाबाद वसवले.

सत्ताधीश आले ते या संतांच्या आश्रयाला. औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याचा देह तेथून आणून झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली पुरला. हैदराबादचा पहिला निजाम १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला आणि बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात विसावला. मलिक अंबरचा घुमट त्याहून जुना, १६२६ मधल्या त्याच्या मृत्यूच्या काळातला. तोही जर जरी जर बक्ष या सूफी संताच्या दर्ग्याजवळच.

यावर कोणी म्हणेल की यात भक्ती कमी आणि राजकारण जास्त. संताशेजारची कबर म्हणजे घराण्याला मिळालेली प्रतिष्ठा. ते खरेच आहे. पण प्रतिष्ठा जिथे आधीपासून असते तिथेच ती मागायला माणूस जातो, त्यामुळे हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या करवणाऱ्याच्या कबरीचे महाराष्ट्राने कौतुक का करावे? कौतुक करावे असे कोणी म्हणत नाही. त्याच्या राज्यकारभाराचा हिशेब इतिहासाने चोख ठेवावा. त्यासाठी गावाचा इतिहास पुसावा लागत नाही. उलट याच गावात त्या हिशेबाच्या नोंदी सापडतात. मोगलांना आयुष्यभर झुंजवणारा मलिक अंबर इथे आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले होते. औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकून ज्याला दौलताबादच्या किल्ल्यात मरेपर्यंत कैदेत ठेवले, तो अखेरचा कुतुबशहा अबुल हसनही इथेच आहे. जेता, त्याच्या घराण्याचा वैरी आणि त्याचा कैदी एका गावच्या मातीत आहेत, आणि या तिघांपैकी कोणीही या जागेला पावित्र्य दिलेले नाही.

म्हणून खुलताबादवर बोलताना १७०७ पासून सुरुवात करणे ही कालगणनेचीच चूक ठरते. औरंगजेबाला मोठे करायचे असो वा त्याचे नाव पुसायचे असो, दोन्ही पक्ष नकळत हे गाव त्याच्या मालकीचे धरतात. तो तिथे पाहुणा म्हणून आला. घर आधीपासून दुसऱ्यांचे होते.