जाळ्यात राहिलेली पिसे

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातील ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरांहून अधिक उंचीवर, घळींच्या कडेने झुडुपे आणि लहान झाडे दाटीने माजलेली आहेत. याच झाडोऱ्यात बुगुन लिओसिचला हा गाणारा पक्षी जोडीने किंवा छोट्या थव्याने वावरतो. महाराष्ट्रात बांधाबांधांवरून कलकलाट करत फिरणारे सातभाई याच पक्ष्याच्या कुळातले. मात्र सातभाईंचा मळकट रंग आणि कर्कश आवाज या भाऊबंदाकडे नाही. त्याची शीळ बासरीसारखी आहे. सुमारे 20 सेंटिमीटर लांबीचे राखाडी-हिरवट अंग, डोक्यावर काळी टोपी, चोच आणि डोळा यांच्यामध्ये नारिंगी झाक असलेला ठसठशीत पिवळा ठिपका, पंखांवर पिवळे, तांबडे व पांढरे पट्टे, आणि काळ्या शेपटीच्या टोकांना लाल रंग, असे त्याचे देखणे रूप आहे.

हा पक्षी प्रथम 1995 मध्ये रमणा अत्रेय यांच्या दृष्टीस पडला. अत्रेय हे पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात संशोधन करणारे शास्त्रज्ञ आणि जाणते पक्षिनिरीक्षक. हा पक्षी पुन्हा दिसायला त्यांना सुमारे दहा वर्षे थांबावे लागले. मे 2006 मध्ये त्यांनी धुक्यासारख्या विरळ, पाखरांना सहसा न दिसणाऱ्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात दोन पक्षी पकडले, त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली आणि त्यांना सोडून दिले.

शास्त्राच्या रूढ पद्धतीत येथे पक्षी मारला गेला असता. नव्या जातीचे वर्णन करताना एखादा पक्षी टिपून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवले जाते; त्याला ‘होलोटाइप’, म्हणजे त्या जातीच्या नावाचा कायमचा आधार मानलेला नमुना, असे म्हणतात आणि पुढे कोणाला शंका आली तर पक्षी याच नमुन्याशी ताडून पाहिला जातो. या पद्धतीमागचे कारण रास्त आहे, परंतु त्या हंगामात या जातीचे जेमतेम 14 पक्षी नजरेस आले होते आणि त्यांत विणीच्या जोड्या तीनच होत्या. एवढ्या थोड्यांतून एक जरी कमी केला असता, तरी जी जात शास्त्राला नुकतीच कळू लागली होती तिच्यावरच घाव पडला असता. म्हणून अत्रेय यांनी जाळ्यात सुटून राहिलेली पिसे, छायाचित्रे आणि मोजमापे यांच्या आधारे 2006 मध्येच ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात वर्णन प्रसिद्ध केले. पुराव्याची बाजू त्यामुळे दुबळी झाली असे म्हणता येत नाही, कारण पिसातूनही पक्ष्याचा रंग, पोत आणि आनुवंशिक द्रव्य तपासता येते.

जातीला दिलेले ‘बुगुनोरम’ हे लॅटिन नाव ‘बुगुनांचा’ असा अर्थ सांगते. ज्या उतारांवर हा पक्षी सापडला, ते उतार संख्येने लहान असलेल्या बुगुन जमातीच्या वहिवाटीतले, आणि झुडुपांची ही पट्टीही अभयारण्याच्या हद्दीत पुरती मावत नाही. सिंगचुंग गावच्या बुगुनांनी आपल्या ताब्यातील सुमारे 17 चौरस किलोमीटर जंगल राखून ठेवले, 2017 मध्ये त्याला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि आता गावातलीच तरुण मुले त्या घळींच्या वाटांनी गस्त घालतात.