एकाच नांवाचीं दोन यंत्रें

सन २०२३ सालीं अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी हें आमच्या जालना जिल्ह्यांतील गांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झालें. मराठा समाजास कुणबी दाखले मिळावे या मागणीसाठीं तेथें उपोषण झालें, आणि पुढें शासनानें नेमिलेल्या न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें निजामकालीन दप्तरें तपासण्याचें काम हातीं घेतलें. नोंद कोणाची हें ठरविणें किती नाजूक असतें, तें त्या वेळीं आम्हां विद्यार्थ्यांसही उमगलें. संगणकांच्या जगांतही ओळख नोंदीवरच चालते; आणि एकाची नोंद दुसऱ्यास चिकटली म्हणजे काय होतें, याचा अनुभव आम्हीं शाळेच्या संगणकवर्गांत घेतला.

वर्गांत बारा यंत्रें आहेत. प्रत्येकावर सर्व आज्ञावली निरनिराळ्या बसवावयाच्या तर आठवडा जावयाचा. म्हणून एक यंत्र नीट सिद्ध करून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत इतर अकरा यंत्रांवर उतरविण्यांत आली. ही रीत सर्वत्र आहे व तींत गैर कांहीं नाहीं. मात्र नक्कल डिस्कची होते, यंत्राची होत नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

प्रत्येक नेटवर्क कार्डास कारखान्यांतच एक क्रमांक मिळतो. तो ४८ बिटांचा असून बारा षोडशमान अंकांनीं लिहितात. त्याचा पहिला अर्धा भाग आय-ट्रिपल-ई ही संस्था कारखानदारास नेमून देते, दुसरा अर्धा कारखानदार स्वतः घालतो. त्या अर्ध्यांत १,६७,७७,२१६ निरनिराळे क्रमांक मावतात. हा क्रमांक कार्डावर असतो, डिस्कवर नव्हे. मग नकलेमुळें तो दोघांचा एक व्हावा कसा?

याचें उत्तर दुसऱ्याच एका तक्रारींत सांपडलें. पुष्कळ आज्ञावलींचा परवाना यंत्राच्या अवयवांशीं बांधलेला असतो. विंडोज एक्स-पी २००१ सालीं निघाली तेव्हां तिच्या नोंदींत इतर अवयवांबरोबर नेटवर्क कार्डाचाही क्रमांक धरलेला होता. नकलेंतली डिस्क नव्या यंत्रांत जागी झाली कीं अवयव जुळत नाहींत, आणि आज्ञावली पुन्हां परवाना मागूं लागते. आमच्याकडे बाराही परवाने विकत घेतलेले होते. प्रश्न ते एकेक नोंदविण्याच्या कष्टाचा होता. ते चुकविण्यासाठीं कोणीं एकानें पहिल्या यंत्राच्या कार्डाचा क्रमांक इतर यंत्रांच्या मांडणींत हातानें लिहून टाकिला! तशी सोय बहुतेक कार्डांत असते, आणि तसा लिहिलेला क्रमांक कार्डाच्या मूळ क्रमांकावर मात करितो. आज्ञावली गप्प बसली खरी, पण जाळें कोलमडलें.

कोलमडण्याचें कारण असें. तारा ज्या पेटींत येऊन मिळतात त्या स्विचास, कोणता क्रमांक शेवटीं कोणत्या तारेवरून बोलला, एवढेंच आठवतें. क्रमांक एकच असल्यावर एकाचें टपाल दुसऱ्याच्या दारीं पडतें. म्हणून एकटें यंत्र चालतें, दोन लाविलीं कीं दोन्ही अडखळतात. परीक्षेचे अर्ज भरावयाच्या दिवशीं आमच्या वर्गांत हेंच झालें. एकाचा अर्ज जाई, शेजाऱ्याचा अर्ध्यावर तुटे, आणि शेवटचा दिवस जवळ आलेला.

उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. सर्व यंत्रें बंद करून एकेक लावावें, ‘गेटमॅक’ ही आज्ञा देऊन क्रमांक पाहावा व तो कार्डावरील चिठ्ठीशीं ताडावा. निराळा असल्यास कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन ‘नेटवर्क ॲड्रेस’ या ओळीपुढें हातानें लिहिलेलें पुसावें. मूळ क्रमांक आपोआप परततो. यंत्राचें नांव व आय-पी पत्ता मात्र डिस्कवरूनच आलेले असतात. ते प्रत्येकास वेगळे द्यावे लागतात. यानंतरच परवाने नोंदवावे, आधीं नव्हे. नाहींतर कार्डाचा क्रमांक पालटतांच तेंच काम पुन्हां करावें लागेल.

पुढच्या खेपेस प्रत घेण्यापूर्वीं विंडोजवर ‘सिसप्रेप’ चालवावें, म्हणजे ती पहिल्या यंत्राची ओळख विसरून जाते. लिनक्सला असा परवाना नको. तथापि तेथेंही ‘मशीन-आय-डी’ नांवाची फाइल नकलेबरोबर येते, ती रिकामी करावी. आमच्या बाराही कार्डांचे क्रमांक आतां एका वहींत लिहिलेले असून ती वही वर्गाच्या कपाटांत ठेविली आहे.