टॉवरच्या भंगारातली छोटी भट्टी

तुमच्या मोबाइलला रेंज देणाऱ्या टॉवरखालच्या कपाटात एक छोटीशी भट्टी असू शकते, हे ठाऊक आहे का? काडेपेटीएवढी, फार तर साबणाच्या वडीएवढी पत्र्याची बंद डबी. आत क्वार्ट्झचा एक स्फटिक. बाहेर डिसेंबरची थंडी असो नाहीतर मे महिन्याचं ऊन, डबीच्या आतलं तापमान ऐंशी अंशांच्या आसपास, जिथल्या तिथे. त्यामुळे स्फटिकाची थरथर बदलत नाही आणि टॉवरची फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. या डबीचं पूर्ण नाव ‘ओव्हन कंट्रोल्ड क्रिस्टल ऑसिलेटर’, बोलताना नुसतं ‘ओसीएक्सओ’.

जुनी यंत्रणा काढून नवी बसवली की जुने बोर्ड भंगारात जातात. त्यातून कोणीतरी ही डबी अलगद सोडवून विकायला काढतं. बराचसा माल चीनमधून ऑनलाइन येतो. आणि तो घ्यायला टपून बसलेली जमात म्हणजे हॅम, अर्थात हौशी रेडिओवाले.

आता म्हणाल, एका डबीचं एवढं काय? तर हिशोब बघा. साध्या सर्किटमधला स्वस्तातला स्फटिक दहा लाखांत वीस एवढा चुकू शकतो. इंजिनीअरिंगवाले याला वीस पीपीएम म्हणतात. घड्याळाच्या भाषेत बोलायचं तर दिवसाला पावणेदोन सेकंद. मोबाइल टॉवरला एवढी चूक परवडत नाही. मोठ्या टॉवरला मुभा फक्त ०.०५ पीपीएमची, म्हणजे दोन कोटींत एक. चांगल्या ओसीएक्सओची चूक त्याहूनही कमी असते. ०.०१ पीपीएम धरा. अशा घड्याळाचा एक सेकंद चुकायला तीन वर्षं लागतात. नवीन घ्यायला गेलात तर किंमत ऐकूनच परत फिराल. सेकंडहँड मात्र पॉकेटमनी साठवून येतो. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या मोरिऑन कंपनीचा ‘एमव्ही८९ए’ हा तर या दुनियेतला सेलिब्रिटी. त्यात भट्टीच्या आत आणखी एक भट्टी आहे!

हॅम लोकांना एवढी अचूकता कशाला, असं मलाही वाटलं होतं. ७ मेगाहर्ट्झवर गप्पा मारायच्या असतील तर खरंच नको. तिथे दहा पीपीएम चुकलं तरी फरक ७० हर्ट्झचा, समोरच्याचा आवाज जरा बोबडा येतो एवढंच. पण फ्रिक्वेन्सी वाढते तशी चूकही त्याच पटीत वाढते. आणि सध्या पोरांना वेड लागलंय ते एका फार वरच्या फ्रिक्वेन्सीच्या उपग्रहाचं.

त्याचं नाव क्यूओ-१००. कतारचा ‘एस्हेल-२’ हा उपग्रह नोव्हेंबर २०१८मध्ये अवकाशात गेला. त्यावर हौशी रेडिओवाल्यांसाठी वेगळी यंत्रणा बसवलेली आहे. भूस्थिर कक्षेत हॅम लोकांना मिळालेली ही पहिलीच जागा. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा पट्टा त्याला दिसतो, म्हणजे आपण आलोच. मुंबई-पुण्याच्या गच्चीवर उभं राहून पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला झुकून, क्षितिजापासून साधारण तेहतीस अंश वर बघा. तिथे तो आहे, चोवीस तास.

त्याचा सिग्नल येतो १०,४८९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे. ऐकायला टीव्हीची डिश आणि तिच्या तोंडावरचा एलएनबी चालतो. या एलएनबीमध्ये साधारणपणे २५ मेगाहर्ट्झचा साधा स्फटिक असतो. त्याला ३९० पट करून ९,७५० मेगाहर्ट्झ बनवतात आणि आलेल्या सिग्नलमधून वजा करतात. उरलेले ७४० मेगाहर्ट्झच्या आसपासचे सिग्नल यूएसबीच्या स्वस्त रिसीव्हरला कळतात. मजा त्या ३९०मध्ये आहे. स्फटिक एका हर्ट्झने घसरला की इकडे ३९० हर्ट्झने घसरगुंडी! एक पीपीएम म्हणजे जवळजवळ पावणेदहा किलोहर्ट्झ. माणसाच्या बोलण्याला इथे जागा लागते २.७ किलोहर्ट्झ. म्हणजे ढग आला, गच्चीवरचा एलएनबी थोडा गार झाला, की तुम्ही ऐकत असलेला माणूस स्क्रीनवरून सरकत सरकत तीन घरं पलीकडे जाऊन बसतो. टीव्हीला याने काही फरक पडत नाही, त्याचे चॅनल रुंद असतात. इथे मात्र डोक्याला शॉट. म्हणून त्या एलएनबीतला स्फटिक काढायचा आणि ओसीएक्सओच्या १० मेगाहर्ट्झपासून बनवलेले २५ मेगाहर्ट्झ केबलने वर पाठवायचे.

हा उद्योग नवा नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लष्करी रेडिओंसाठी कोट्यवधी स्फटिक तयार केले. युद्ध संपलं आणि ‘एफटी-२४३’ नावाच्या काळ्या डब्यांमधले हे स्फटिक मातीमोल भावात विकायला आले. हवी ती फ्रिक्वेन्सी मिळाली नाही की हॅम लोक डबा उघडायचे आणि स्फटिक काचेवर पावडर टाकून घासायचे. पातळ झाला की फ्रिक्वेन्सी चढते. जास्त घासला गेला? मग पेन्सिल फिरवून थोडी खाली आणायची. आपल्या डबीत असलं काही करता येत नाही, ती सीलबंद. तिला एक वेगळी पिन असते. त्या पिनवरचा व्होल्टेज बदलला की फ्रिक्वेन्सी काही हर्ट्झ इकडे-तिकडे करता येते. बस, तेवढीच ढील.

इथे माझ्या एका मित्राची गोष्ट सांगायलाच हवी. इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय हाच. त्याने तीन जुने ओसीएक्सओ मागवले. लॅबमध्ये पहिला जोडला, वीस मिनिटं गरम होऊ दिला आणि फ्रिक्वेन्सी काउंटरवर आकडा पाहिला: ९९,९९,८९२. एक कोटीला १०८ हर्ट्झ कमी! पिनवरचा व्होल्टेज पूर्ण फिरवला तरी फरक चार-पाच हर्ट्झचा. ‘गंडवलं रे’, म्हणून त्याने ती डबी बाजूला टाकली. दुसरी जोडली. जवळपास तोच आकडा. तिसरी, पुन्हा तेच. सबमिशनला आठवडा राहिलेला. विक्रेत्याला कडक मेसेज लिहूनही झाला होता.

पाठवायच्या आधी रूममेटने चहा पिता पिता विचारलं, ‘तिन्ही वेगवेगळ्या कंपनीचे ना? मग तिन्ही सारखेच कसे बिघडले?’

खरंच की. बिघडलेल्या तीन वस्तू तीन तऱ्हांनी बिघडायला हव्यात. चुकत होता तो काउंटर! त्याच्या आत स्वतःचा साधा स्फटिक होता आणि तो दहा-अकरा पीपीएम पुढे गेला होता. इतकी वर्षं त्या लॅबमधली प्रत्येक बॅच त्याच्यावर बघून जर्नल लिहीत होती, आणि कोणाला पत्ता नाही. फूटपट्टीच चुकीची, आणि आपण टेबलाला शिव्या देतोय.

मग अचूक फूटपट्टी आणायची कुठून? ती तुमच्या डोक्यावरच फिरतेय. जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. साधं, स्वस्तातलं जीपीएस मोड्यूलसुद्धा दर सेकंदाला एक ठोका देतं. एकेक ठोका थोडा पुढे-मागे होतो, म्हणून एका सेकंदावर विसंबायचं नाही. सलग हजार सेकंद मोजायचे. १० मेगाहर्ट्झची कंपनं तेवढ्या वेळात बरोबर एक हजार कोटी व्हायला हवीत. एखादं कमी-जास्त झालं, तर तुमची चूक हजार कोटींत एक. मित्राने हे केलं. दोन डब्या अगदी ठणठणीत निघाल्या. तिसरी खरंच म्हातारी होती. वर्षानुवर्षं चालून स्फटिकाची फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते. हिची इतकी सरकली होती, की व्होल्टेज टोकाला नेला तरी १० मेगाहर्ट्झवर येईना. विक्रेत्याला गेला तो मेसेज मग एकाच डबीचा होता, आणि भाषाही जरा सौम्य.

तुम्हाला हा नाद करायचा असेल तर आधी डबीवरचं लेबल वाचा. काही १२ व्होल्टचे असतात, काही ५चे. चुकीच्या पिनला वीज दिली की खेळ खल्लास, म्हणून त्या मॉडेलची डेटाशीट मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. पिना फार आखूड कापलेल्या असतील तर सोल्डर करताना रडाल. मीटर लावून करंट बघा. सुरुवातीला भट्टी तापवायला डबी दाबून वीज खाते, काही मिनिटांनी करंट खाली यायला हवा. येतच नसेल, किंवा मुळात चढलाच नसेल, तर भट्टी गेलेली. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ कनेक्टर, रेग्युलेटर, केबल मिळून जाईल. डबी तिथे हाती लागली तर नशीब म्हणा.

आणखी एक. दहाचे पंचवीस मेगाहर्ट्झ करायला मिळेल ती स्वस्त चिप लावली, की तिची बारीक थरथरही ३९० पट होऊन वर जाते. फ्रिक्वेन्सी बरोबर आणि आवाज खरखरीत, असा प्रकार होतो. ओसीएक्सओवर खर्च केलात तर इथे कंजूषी करू नका.

आणि हो, हे सगळं झालं ऐकण्यापुरतं. स्वतः बोलायचं तर परवाना हवा. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, कॉलेजवाल्यांना अवघड जाऊ नये. पास झालात की ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन मिळतं.

मित्राचं सबमिशन झालं. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी दहा मिनिटं फक्त काउंटरबद्दलच विचारलं. त्या काउंटरवर आता ‘१०.८ पीपीएम पुढे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे.

डबी मात्र हॉस्टेलच्या खोलीत टेबलावर चालूच असते. बंद करून पुन्हा सुरू केली की तिला स्थिर व्हायला काही दिवस लागतात, म्हणून त्या प्लगला हात लावायची कोणाची टाप नाही. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा लॅपटॉपवर उपग्रहाच्या सिग्नलची रेघ सरळ खाली उतरत होती, जराही न सरकता. जर्मनीतला कोणीतरी आजोबा त्याच्या बागेतल्या बर्फाबद्दल सांगत होता. ओले मोजे वाळवायला रूममेटने तेवढ्यात त्या गरम डबीवर ठेवले, आणि मित्र असा काही ओरडला की जर्मन आजोबांचं पुढचं वाक्य आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही.