आप्पांची कुलपं आणि म्युझियमचं बिल

कुणाचा तरी छंद आणि कुणाचा तरी पैसा. महाराष्ट्रातली बरीच संग्रहालयं अशीच उभी राहिली. पण तो 'कुणीतरी' गेल्यावर बिल कोण भरतं?

आमच्या घरात सध्या महायुद्ध चालू आहे. प्रश्न एकच : आप्पांच्या कुलपांचं काय करायचं?

आप्पा म्हणजे माझे आजोबा, वय वर्षं 86. पोस्टातल्या नोकरीत जिथं जिथं बदली झाली तिथून त्यांनी जुनी कुलपं गोळा केली. पितळी, लोखंडी, पेटाऱ्याची, देवघराची. काहींची किल्ली फिरवायची नसते, आत ढकलायची असते. एकूण 83 कुलपं, दोन ट्रंका भरून. आता पेठेतला आमचा वाडा रीडेव्हलपमेंटला चाललाय. दिवाळीनंतर भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं आणि तिथं ट्रंकांना जागा नाही. भंगारवाला वजन करून भावसुद्धा सांगून गेला. बाबा म्हणाले, "म्युझियमला देऊन टाकू. तू पत्रकार ना? बघ जरा."

बघितलं. एका संग्रहालयात फोन लावला. पलीकडून शांतपणे विचारणा झाली, "यादी आहे का? कुठलं कुलूप कुठून, कधी आणलं?" यादी नव्हती. "मग अवघड आहे हो. शिवाय आमच्याकडेच ठेवायला जागा नाही."

बॉस, फुकट देतोय तरी नको? माझं डोकंच फिरलं. त्या रागात मी चार-पाच वीकेंड मॉल आणि मल्टिप्लेक्सला सुट्टी दिली आणि संग्रहालयं पालथी घातली.

एका माणसाचं वेड

सुरुवात अर्थातच राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथं रांगेनं फिरलोय आणि काहीही न बघता बाहेर आलोय. या वेळी नीट बघितलं. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, वाद्यं, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. 'अज्ञातवासी' नावानं कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव हिंडले, पदरचे पैसे घातले. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. 1975 मध्ये त्यांनी हा सगळा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला.

आता आकडा ऐका. संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात जेमतेम अडीच हजार. म्हणजे तुम्ही बघता त्याच्या कित्येक पट माल आत कपाटांत असतो. त्यालाही वाळवी लागते, गंज चढतो, त्याच्यासाठीही माणूस लागतो. 'जागा नाही' याचा अर्थ मला तिथं पहिल्यांदा कळला.

राजाचा खजिना, सरकारचं खातं

पुढचा शनिवार साताऱ्याचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांसाठी आलेली वाघनखं 2024 च्या जुलैत आधी साताऱ्यातच मांडली होती, हे तुम्हाला आठवत असेल. पण मी गेले त्याच्याही पुढे, औंधला. पुण्यातलं औंध नव्हे! खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगरावरचं.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते हेच. स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 मध्ये इथं श्री भवानी संग्रहालय काढलं. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत. आणि चक्क हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' आहे. लंडन-न्यूयॉर्कला जे बघायला लोक तिकीट काढतात, ते इथं ज्वारीच्या शिवारांच्या मधोमध. काय सॉलिड ना?

संस्थान गेलं, पण संग्रह वाचला, कारण तो राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावातल्या सातवाहनकाळच्या वस्तू जमवल्या. त्यांच्या नावाचं संग्रहालयही आज सरकारीच आहे. नागपूरचं 1863 चं 'अजब बंगला' याच छत्राखाली. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधलंही, जिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटीशी ब्राँझ मूर्ती आहे.

फायदा उघड आहे. वारसांत भांडणं झाली म्हणून वस्तू बाजारात जात नाहीत. अडचणही तितकीच उघड. गड-किल्ले, लेणी, जुनी देवळं आणि संग्रहालयं या सगळ्यांचा कारभार एकाच खात्याकडे. ढासळत्या बुरुजाला आधी पैसे द्यायचे की डोंगरावरच्या संग्रहालयातल्या चित्राला? तुम्ही त्या खुर्चीवर असता तर काय केलं असतं?

मुंबईचे दोन फॉर्म्युले

मुंबईत मात्र वेगळीच गणितं. राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. उभारणीत डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांचा पुढाकार होता. पुढे ते महापालिकेकडे आलं, 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं आणि हळूहळू त्याची रया गेली. मग 2003 मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन अशी तिघांची मोट बांधली गेली. जागा आणि मालकी महापालिकेची, जाणकारी इन्टॅकची, मदत उद्योगसमूहाच्या फाउंडेशनची. 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा आतलं सोनेरी नक्षीकाम बघून लोक थक्क झाले.

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हा दुसरा फॉर्म्युला. 1905 मध्ये पायाभरणी, जॉर्ज विटेटचा आराखडा, पहिल्या महायुद्धात इमारतीत लष्करी हॉस्पिटल आणि अखेर 1922 मध्ये उद्घाटन. रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांचे संग्रह इथं आले. कारभार स्वायत्त विश्वस्त मंडळाचा. त्यामुळे तिकीट, देणग्या, प्रायोजक अशी जमवाजमव सतत करावी लागते. 2015 मध्ये सुरू झालेली 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस सिटी बँकेच्या मदतीनं रस्त्यावर आली आणि संग्रहालयच गावागावातल्या शाळांच्या दारात गेलं.

आणि पूर्णपणे घरचा कारभार बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला या. भाऊ जोशींच्या छंदातून 1998 मध्ये उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. सिग्नल, पूल, सर्कस, छोटी छोटी माणसं आणि सुळकन निघून जाणाऱ्या गाड्या. इथं तिकीट विकलं जातं म्हणून गाडी धावते. साधा हिशेब.

तुमच्या ऑफिसचे दोन टक्के

आता मुद्द्याचं. नफ्याच्या किंवा उलाढालीच्या ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना 2014 पासून आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तेच ते सीएसआर, ज्यात तुम्ही टी-शर्ट घालून झाडं लावता आणि फोटो टाकता. त्या कायद्याच्या यादीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतनही बसतं. एचआरला एकदा विचारून तर बघा. मोठ्या इमारतींना प्रायोजक मिळतात, कारण तिथं पाटी लागते, पार्टी होते. गरज मात्र असते ती औंध किंवा तेरसारख्या ठिकाणी, गंज खरवडणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराची. त्या कामाचा फोटो चांगला येत नाही, इतकंच.

हे सगळं बघून घरी आले तेव्हा त्या फोनवरच्या माणसावरचा राग गेला होता. त्याचा पहिला प्रश्न यादीचाच होता. कारण नोंद नसलेलं कुलूप म्हणजे खरोखरच भंगार. केळकरांच्या अडकित्त्याची किंमत तो कुठला, कुणाचा हे कळतं म्हणून आहे. आणि आमच्या 83 कुलपांची ती माहिती फक्त एकाच ठिकाणी आहे : आप्पांच्या डोक्यात. ते डोकं हल्ली कधी कधी मलाच माझ्या आत्याच्या नावानं हाक मारतं.

गेल्या रविवारी दोनशे पानी वही घेतली, ट्रंक उघडली आणि त्यांच्यासमोर बसले. एक कुलूप हातात द्यायचं, फोटो काढायचा, ते सांगतील ते लिहायचं. पहिलं कुलूप त्यांनी बराच वेळ उलटसुलट केलं. "हे मिरजेचं. घरमालकाची पेटी विकायला काढली होती, कुलूप मी मागून घेतलं." लिहिलं. दुसरं आठवलं नाही. तिसऱ्याची पूर्ण गोष्ट, वर्षासकट.

संध्याकाळपर्यंत 31 झाली. 9 ओळींपुढे प्रश्नचिन्ह आहे. भंगारवाल्याला बाबांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय आणि आप्पांनी मला, "पुढच्या रविवारी लवकर ये गं."

वीकेंडला कुठं जायचं असा प्रश्न पडला तर औंध आहे, तेर आहे, कोल्हापूर आहे. तिकीट काढा, अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहा. पण त्याआधी एकदा तुमच्या आजोबांची ट्रंक उघडा.